चालू खात्यावरचे व्याज : कागदावर मांडून पाहू या

यंदाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी गप्पांचा फड रंगला. नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा मला म्हणाला, "काकू, एक बँक झिरोकोंटोवर व्याज देते म्हणे. माझी बँक एक सेंटही देत नाही. खाते बदलून टाकू का?" तेथे उभ्या असलेल्या चौघांनी लगेच चार मते दिली. मी म्हटले, "थांब, तुला कागदावर मांडून देते." तो कागद वाढत वाढत हा लेख झाला.

आधीच सांगते, मी बँकेत कधी नोकरी केलेली नाही. येनात वीस वर्षे संसार केला, तेवढीच माझी पात्रता. मात्र खाते बदलण्याचा एक अनुभव आम्हाला फार महागात पडला. तोही पुढे सांगणार आहे, कारण या विषयातली खरी गोष्ट तीच आहे.

झिरोकोंटो म्हणजे काय?

आपल्याकडे चालू खाते म्हटले की दुकानदार आणि कारखानदार डोळ्यांपुढे येतात. नोकरदार माणसाचे ते बचत खाते, आणि त्यावर व्याज मिळणारच हे आपण गृहीत धरतो. पूर्वी भारतात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळे. म्हणून आमचे बाबा पगार झाला की "दहाच्या आत भरायला हवेत" म्हणत बँकेकडे धावत. १ एप्रिल २०१० पासून तेथे रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजू लागले आणि ती धावपळ संपली.

जर्मनीत मांडणी वेगळी आहे. पगार, घरभाडे, वीज, फोन आणि विम्याचे हप्ते ज्यातून जातात ते झिरोकोंटो. ते पैसे येण्याजाण्याचा रस्ता आहे, साठवणीची कोठी नव्हे. साठवणीसाठी टागेसगेल्ट नावाचे वेगळे खाते असते. त्यावर व्याज मिळते आणि पैसे हवे तेव्हा झिरोकोंटोत परत आणता येतात, पण त्यातून परस्पर भाडे भरता येत नाही. झिरोकोंटोवर पूर्वापार व्याज शून्य किंवा नावापुरतेच. नावातच 'झिरो' आहे, असे आमचे हे म्हणतात.

मग आताच व्याज कोठून आले?

बँका आपला जादा पैसा युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे ठेवतात. तेथे त्यांना जो दर मिळतो, त्याच्या आसपास आपल्याला मिळणारा दर फिरतो. जून २०१४ मध्ये हा दर शून्याच्याही खाली गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उणे अर्धा टक्का झाला. त्या काळात अनेक बँकांनी मोठ्या शिल्लकीवर ग्राहकांकडूनच 'सांभाळणावळ' घेतली. पुढे ४ फेब्रुवारी २०२५ रोजी येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बचत आणि टागेसगेल्ट खात्यांवरची अशी आकारणी बेकायदा ठरवली.

जुलै २०२२ मध्ये दर शून्यावर आला, सप्टेंबर २०२३ मध्ये चार टक्क्यांवर चढला आणि जून २०२५ मध्ये दोन टक्क्यांपर्यंत उतरला. या चढउतारात काही नव्या बँकांनी, विशेषतः शाखा नसलेल्या बँकांनी, रोजच्या खात्यावरही व्याज देण्याची जाहिरात सुरू केली. बर्लिनच्या ट्रेड रिपब्लिकने जानेवारी २०२३ मध्ये शिल्लक रकमेवर दोन टक्के आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चार टक्के देऊ केले. पुढे मध्यवर्ती बँकेचा दर उतरला तसा तोही उतरला. यातून घ्यायचा बोध असा, की खात्यावरचा व्याजदर हे वचन नसते. तो आज आहे, उद्या बदलू शकतो.

आता हिशेब

मुलाला मी दोन घरांचा हिशेब मांडून दिला.

पहिले घर : महिनाअखेर पगार येतो, भाडे जाते, किराणा जातो. वर्षभराची सरासरी शिल्लक धरू दीड हजार युरो. दोन टक्के दराने वर्षाचे व्याज तीस युरो. त्या खात्याला महिना पाच युरो शुल्क असेल तर वर्षाचे साठ युरो गेले. म्हणजे व्याज मिळूनही तीस युरोचा तोटा.

शिवाय हेच घर महिनाअखेरीस दहा दिवस पाचशे युरो उणे जात असेल तर? या उचलीला येथे डिस्पो म्हणतात. तिचा दर बारा टक्के धरला तर वर्षाच्या एकशेवीस दिवसांचे सुमारे वीस युरो होतात. डिस्पोचा दर दहा टक्क्यांच्या वर असणे मुळीच नवलाचे नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलात तर काही बँका त्याहूनही जास्त घेतात.

दुसरे घर : झिरोकोंटोवर वीस हजार युरो नुसतेच पडून आहेत. दोन टक्क्यांनी वर्षाचे चारशे युरो हातचे गेले. हसू नका, २०२३ साली आमच्याच खात्यावर अठरा हजार युरो वर्षभर झोपून होते. आळस, दुसरे काय!

दोन्ही हिशेबांचे उत्तर एकच निघते. येणाऱ्याजाणाऱ्या पैशावर व्याजाने फारसा फरक पडत नाही, तेथे शुल्क आणि डिस्पोचा दर पाहावा. पडून राहणाऱ्या पैशावर व्याजाने फरक पडतो, पण तो पैसा मुळात झिरोकोंटोवर असू नये. दीड महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम तेथे ठेवावी आणि बाकीची टागेसगेल्टवर हलवावी. त्यासाठी पगाराचे खाते बदलण्याचीही गरज नाही. टागेसगेल्ट दुसऱ्या बँकेत उघडता येते.

जाहिरातीतले व्याज वाचताना

मोठ्या अक्षरातला आकडा वाचून झाला की बारीक अक्षरात पुढील गोष्टी शोधाव्यात :

१. व्याज किती रकमेपर्यंत? ठरावीक मर्यादेच्या वर दर शून्य, असे पुष्कळदा असते.

२. किती महिने? नव्या ग्राहकाला तीनचार महिने चढा दर आणि नंतर नेहमीचा, हा जुना रिवाज आहे.

३. अट काय? दरमहा पगार जमा व्हायला हवा, की कार्ड ठरावीक वेळा वापरायला हवे? नोकरी बदलताना एखादा महिना रिकामा गेला तर काय होणार?

४. व्याज कधी जमा होते? महिन्याने, तीन महिन्यांनी की वर्षाने?

५. पैसा नक्की कोठे ठेवला जातो? युरोपीय संघात एका बँकेत एका माणसाचे एक लाख युरो कायद्याने सुरक्षित असतात. दोघांचे संयुक्त खाते असेल तर दोघांचे मिळून दोन लाख. बँक दुसऱ्या युरोपीय देशातली असेल तर हमी त्या देशाची. काही ठिकाणी तुमची रक्कम ठेवीऐवजी फंडात जाते. त्याला ही ठेव हमी लागू नाही, त्याचे नियम निराळे.

रोजच्या वापराच्या गोष्टी

खाते रोज वापरायचे असते, म्हणून या गोष्टी मला व्याजापेक्षा मोठ्या वाटतात.

रोख रक्कम : येनात आजही एखाद्या बेकरीत किंवा बाजारातल्या गाड्यावर रोखच द्यावी लागते. श्पारकासेच्या ग्राहकाला देशभरातल्या श्पारकासे यंत्रांतून विनाशुल्क पैसे निघतात. फोल्क्सबांक मंडळींचे असेच आपले जाळे आहे. डॉयच बांक, कॉमर्सबांक, पोस्टबांक आणि हिपोफेरआइन्सबांक यांची यंत्रे एकमेकींच्या ग्राहकांना चालतात. शाखा नसलेल्या बँकेत पैसे कसे काढायचे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रोख भरायची कशी, हे आधीच विचारावे. अनेक सुपरमार्केटांत सामान घेताना गल्ल्यावरही पैसे काढता येतात.

कार्ड : येथील गिरोकार्डला जुनी माणसे अजून 'ईसी कार्ड' म्हणतात. जुलै २०२३ पासून नव्या कार्डांवर माएस्ट्रोची सोय येत नाही. त्यामुळे भारतात जाताना कोणते कार्ड चालेल आणि परकीय चलनावर किती टक्के शुल्क लागेल, हे पाहून घ्यावे. पुण्यातल्या दुकानात यंत्राने "युरोत घेऊ की रुपयांत?" असे विचारले तर रुपये निवडावेत. युरो निवडले की दर त्यांचा लागतो.

परस्पर वसुली : भाडे, वीज, फोन यांसाठी आपण लास्टश्रिफ्टची परवानगी देतो. अशी रक्कम चुकीची वाटली तर आठ आठवड्यांपर्यंत, कारण न देता, बँकेकडून परत घेता येते. परवानगी दिलेलीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. म्हणून खात्याचा उतारा दरमहा वाचावा. आम्ही रविवारी चहाबरोबर वाचतो.

तात्काळ रक्कम : ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पोहोचणारी रक्कम पाठवण्याची सोय द्यावी लागते, आणि साध्या रकमेपेक्षा जास्त शुल्क त्यासाठी घेता येत नाही. नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हेही बँक आधी तपासून सांगते. 'जुळत नाही' असे आले तर थांबा, फोन करा आणि मगच पाठवा. दहा सेकंदांत गेलेले पैसे परत आणणे कठीण असते.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द : सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी अडवून ठेवण्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठरली. ती महिन्यामहिन्याने तुमच्या झिरोकोंटोत येते. तेव्हा बिनशुल्क खाते हाच तुमचा पहिला निकष असावा. एखाद्या बँकेने खाते उघडायला नकार दिला तर घाबरू नका. जून २०१६ पासून युरोपात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत खाते, मिळण्याचा हक्क आहे.

कराचे काय?

व्याजावर येथे पंचवीस टक्के कर आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार, असे मिळून २६.३७५ टक्के बँकच कापून घेते. पण २०२३ पासून एकट्याला वर्षाला १,००० आणि जोडप्याला २,००० युरोपर्यंतची अशी मिळकत माफ आहे. माफी आपोआप मिळत नाही. त्यासाठी बँकेला फ्रायश्टेलुंग्सआउफट्राग हा अर्ज द्यावा लागतो. दोन बँका असतील तर रक्कम वाटून द्यावी, बेरीज मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. अर्ज द्यायचा राहिला आणि कर कापला गेला तर वार्षिक विवरणात तो परत मागता येतो.

आपल्या मंडळींचा एक गैरसमज येथेच दूर करते. भारतातल्या एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून जर्मनीतही करमुक्त, असे नाही. येथे कायम राहणाऱ्याला जगभरातल्या मिळकतीचा हिशेब येथे द्यावा लागतो. मुदत ठेवी मोठ्या असतील तर करसल्लागाराला अवश्य विचारा.

आमची गोष्ट

आता तो महागात पडलेला अनुभव. आम्ही येनात आलो तेव्हा मला नोकरी नव्हती, म्हणून खाते यांच्या एकट्याच्या नावावर उघडले. पुढे कोणीतरी सुचवल्यावर यांनी बँकेत माझ्या नावाने फोलमाख्ट, म्हणजे मुखत्यारपत्र, करून दिले. त्याचा कागद फाइलमध्ये गेला आणि आम्ही तो विसरलो.

२०१६ च्या शरद ऋतूत एका दुसऱ्या बँकेने नव्या ग्राहकाला शंभर युरो देऊ केले. खात्याला शुल्कही नव्हते. सप्टेंबर २०१६ पासून खाते बदलताना बँकांना मदत करावीच लागते, त्यामुळे भाडे, वीज, फोन सगळे आपोआप नव्या खात्याकडे वळले. आम्ही खूश! शंभर युरोत बाहेर जेवूनही आलो. पण मुखत्यारपत्र खात्याबरोबर सरकत नाही. ते प्रत्येक बँकेत नव्याने करावे लागते. हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला. तीन आठवडे रुग्णालय आणि पुढे पुनर्वसन केंद्र. पहिले दिवस बोलणेही स्पष्ट नव्हते. कार्ड यांच्या पाकिटात होते, पण त्याचा गुप्त क्रमांक यांनाच ठाऊक आणि आता त्यांना तो आठवत नव्हता. बँकेचे संकेत यांच्या फोनवर येत आणि फोन कुलूपबंद. माझ्या पर्समध्ये चाळीस युरो, घरात दोन शाळकरी मुले आणि पुण्याहून सासूबाई यायच्या म्हणून तिकीट काढायचे होते. खात्यात पैसे होते, पण मला शिल्लकही विचारता येईना. बँकेतल्या बाई नम्रपणे म्हणाल्या की खातेदार तुम्ही नाही. नियमाने त्यांचे बरोबरच होते. मंडळातल्या एका वहिनींनी, मी न मागता, दोन महिन्यांचा खर्च माझ्या हातात ठेवला. ते पैसे मी फेडले, पण ते ऋण फिटायचे नाही.

देवाच्या कृपेने हे बरे झाले. आधार घेऊन चालू लागल्यावर आम्ही पहिली फेरी बँकेत मारली आणि खाते दोघांच्या नावावर केले.

नवराबायको आहोत म्हणून एकमेकांचे खाते वापरता येते, असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. १ जानेवारी २०२३ पासून जोडीदार बेशुद्ध किंवा अत्यवस्थ असताना दुसऱ्याला त्याच्या वतीने वैद्यकीय निर्णय घेण्याचा हक्क सहा महिन्यांपुरता मिळाला आहे. पण तो आरोग्यविषयक बाबींपुरता, बँकेच्या खात्याला तो लागू नाही. मुखत्यारपत्र नसेल तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून दोन मार्ग. एक, संयुक्त खाते, तेही 'ओडर' प्रकारचे, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल असे. 'उंड' प्रकारात प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात. संयुक्त खात्यात एकाने केलेल्या डिस्पोला दोघेही जबाबदार असतात, हेही लक्षात ठेवावे. दुसरा मार्ग मुखत्यारपत्र. ते बँकेच्याच नमुन्यावर करावे आणि मृत्यूनंतरही चालू राहील असे लिहून घ्यावे. विषय अशुभ वाटतो खरा, पण नंतरच्या वारसा कागदपत्रांना महिने लागतात आणि भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते.

लोबेडातल्या आमच्या शेजारच्या जर्मन आजींना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मला १९९० सालची आठवण सांगितली. १ जुलै १९९० ला पूर्व जर्मनीचे मार्क बदलून पश्चिमेचे मार्क मिळाले, पण ते हातोहात नव्हे, फक्त बँक खात्यामार्फत. शिवाय एकास एक दराने ठरावीक रक्कमच बदलत असे : मुलांना प्रत्येकी २,०००, मोठ्यांना ४,००० आणि साठीच्या वरच्यांना ६,००० मार्क. बाकीच्यांचे निम्मे होत. "कपाटातल्या नोटा एकीकडे," आजी म्हणाल्या, "आणि खाते कोणाचे, हा प्रश्न एकीकडे!" या गावाने हा धडा एका उन्हाळ्यात गिरवला आहे.

थोडक्यात

त्या मुलाला मी दिलेले उत्तर असे : झिरोकोंटो निवडताना आधी शुल्क, मग डिस्पोचा दर, मग रोख काढण्याभरण्याची सोय पाहा, आणि व्याज सर्वांत शेवटी. प्रत्येक बँकेला ठरावीक नमुन्यातले शुल्कपत्रक द्यावेच लागते. दोन बँकांची पत्रके शेजारी शेजारी ठेवली की अर्धे काम झाले. बाफिन या सरकारी देखरेख संस्थेची विनामूल्य खातेतुलनाही २०२५ पासून उपलब्ध आहे. साठवणीचा पैसा टागेसगेल्टवर ठेवा. माफीचा अर्ज भरा. आणि खाते बदललेत तर जुने खाते बंद करण्यापूर्वी दोनतीन महिने चालू ठेवा, म्हणजे विसरलेला वार्षिक हप्ता अडकत नाही.

मुलगा म्हणाला, "काकू, माझे अजून लग्न झालेले नाही. मुखत्यारपत्र कोणाला देऊ?" प्रश्न चांगला आहे. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनी विश्वासातल्या एका माणसाला, शक्यतो जर्मनीतच राहणाऱ्याला, ते द्यावे आणि आईवडिलांना त्याचे नाव कळवून ठेवावे.

वाचक मंडळींनो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक काम करा. घरातली बँकेची फाइल काढा आणि पाहा, खाते कोणाच्या नावावर आहे आणि दुसऱ्याला ते उद्या सकाळी वापरता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर सोमवारी बँकेत फोन करून वेळ ठरवा. दोघांनी मिळून जा आणि पासपोर्ट बरोबर न्यायला विसरू नका.